बंद कोठीतील हवा आणि फळांचे आयुष्य

एक नासका आंबा सारी आढी नासवतो, हे व्यापारी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. आढीतला आंबा निदान रोज चाळता तरी येतो. काश्मीर-हिमाचलातील सफरचंदांची हवाबंद कोठी मात्र एकदा बंद केली, की कित्येक महिने उघडत नाहीत. आतला लाखोंचा माल पुष्कळदा कर्जाला तारण असतो आणि कुजीचे खरे प्रमाण बहुधा दार उघडल्यावरच कळते.

फळांच्या कोठीतील हवा नियंत्रित करण्याच्या या पद्धतीचा पाया इंग्लंडमधील फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या शास्त्रज्ञांनी घातला. १९२९ मध्ये केंट परगण्यात तिचा व्यापारी वापर सुरू झाला. तोडलेले फळही श्वास घेत असते. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. कोठीत तो साधारण २ ते ३ टक्क्यांवर आणतात, कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवतात आणि बहुतेक जातींसाठी तापमान शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. फळाचे श्वसन मंदावते, पिकवणारा इथिलीन वायू कमी तयार होतो आणि गर घट्ट राहतो. अशा ताज्या फळात बुरशीला सहज शिरकाव मिळत नाही.

परंतु या हवेने बुरशी मरते, हा समज चुकीचा आहे. सफरचंदावरील निळी व राखी बुरशी एवढ्या थंडीत आणि एवढ्या अल्प ऑक्सिजनमध्येही हळूहळू वाढू शकते. तिला पुरते थोपवण्याइतका ऑक्सिजन घटवला, तर फळच गुदमरते आणि त्याला मद्यासारखा वास येतो. स्ट्रॉबेरी १५ ते २० टक्के कार्बन डायऑक्साइड सोसते, त्यामुळे तिच्यावरील राखी बुरशी चांगली आवरते. एवढ्या प्रमाणात सफरचंदाचा गर आतून तपकिरी पडतो. आपल्या नाशिकच्या निर्यातक्षम द्राक्षांच्या पेटीत एक विशेष कागद घालतात. ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो व बुरशीला आळा बसतो. मात्र तो अधिक झाला, तर मण्यांचा रंग उडतो. प्रत्येक फळाची सहनशक्ती निराळी, म्हणून त्याची हवाही निराळी.

निळी बुरशी मुख्यतः जखमेतून आत शिरते. तोडताना लागलेले नख, पेटी आपटल्याचा दणका, दुखावलेले एखादे फळ नजरेतून सुटणे, या चुका कोठीतील हवा भरून काढत नाही. हवा केवळ वेळ मिळवून देते. मुद्दलच खोटे असेल, तर मुदत वाढवून काय साधणार? म्हणून खरी राखण बागेतच सुरू होते: हलक्या हाताने तोडणी, कसून निवड, स्वच्छ पेट्या आणि विनाविलंब थंडावा.

व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट कधीही विसरू नये. फळाला जपणारी ही हवा माणसाला क्षणात बेशुद्ध करते आणि त्याचा प्राणही घेऊ शकते. आतला ऑक्सिजन पूर्ववत झाल्याची यंत्राने खात्री केल्याशिवाय एकाही हमालाने आत पाऊल टाकता कामा नये. माल पुन्हा भरता येतो; गेलेला जीव परत येत नाही.