राखणदाराचीच राखण

अमावास्येच्या सुकतीला मालवणचे कातळ उघडे पडले की सरगॅसम काढायला उतरायचं. तपकिरी समुद्रशेवाळ, पानांच्या बेचक्यांत हवेचे बारीक फुगे. बुंधा कातळावर तसाच ठेवून वरचं तेवढं कापायचं, म्हणजे ते पुन्हा फुटतं. हे शेवाळ सुकतीत उन्हात उघडं पडतं, गोगलगायी त्याच्यावर चरतात. ऊन सोसायला आणि चरणाऱ्यांना तुरट लागायला ते फ्लोरोटॅनिन नावाची द्रव्यं बनवतं. आपल्याला हवी असतात ती हीच, कारण ती अँटिऑक्सिडंट आहेत.

पण दुसऱ्याला ऑक्सिजनपासून वाचवणारं द्रव्य स्वतः आधी ऑक्सिजनच्या तोंडी जातं. त्याचं कामच ते. म्हणून पुढची सगळी खटपट राखणीची. वाळू, शंखशिंपले निवडून शेवाळ गोड्या पाण्यातून झटपट काढायचं. फार वेळ भिजलं तर मिठाबरोबर कामाचंही वाहून जातं. मग वाळवण, तेही सावलीत. ओल्या वजनात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणीच, त्यामुळे टोपलीभर आणलेलं मूठभर होतं.

वाळलेल्याची भुकटी करायची. ती नुसत्या पाण्यात घातली की अल्जिनेट सुटतं आणि गाळण कागदावर शेंबडासारखा थर बसतो; थेंब खाली उतरत नाही. सत्तर टक्के इथेनॉलमध्ये हा चिकटा बराचसा मागेच राहतो. बाटली तपकिरी काचेची, तरी मी वर फॉइल गुंडाळते. इथेनॉल साध्या दाबाला ७८ अंशांना उकळतं. रोटरी इव्हॅपोरेटरमध्ये दाब उतरवून ते ४० अंशांनाच उडवता येतं. तळाला उरतो काळपट, दर्पाचा अर्क.

मग अर्कात अँटिऑक्सिडंटचा जोर किती याची परीक्षा, डीपीपीएच नावाच्या रसायनावर. त्याच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं, ५१७ नॅनोमीटरला मोजायचं. जांभळा उतरून पिवळा आला की नवे विद्यार्थी हरखतात. मी हरखत नाही. डीपीपीएच हा बाटलीतला रेणू, शरीरात तो नसतो. या रंगबदलावर तारुण्याच्या गोळ्या विकणं मला फसवणूक वाटते. मासळीचं तेल खवट होण्यापासून वाचवणं हे या अर्काचं अधिक प्रामाणिक काम. त्यासाठी तेलाचे दोन नमुने, एक अर्क घातलेला आणि एक कोरा, ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून दोघांचं पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे खवटपणाचं माप, दिवसागणिक काढत राहावं लागतं. तिथे रंग नाही, आकडे सावकाश चढतात, आणि प्रयोगशाळेभर बांगड्याचा वास.