मुलाला घेऊन आजोळी निघताय? इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज जुळते का, ते आधी बघा

मे महिना लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं कोल्हापूर, सावंतवाडी, नाहीतर गोव्याला आजोळी जातात. टाइप 1 मधुमेह असलेलं मूलही जातं, आणि त्यानं जावंच. फक्त बॅगेत काय भरलंय ते नीट बघायला हवं.

घरात आजीला ‘शुगर’ असते, तिचं गोळीवर भागतं. मग नातवाचंही तसंच असेल असं नातेवाइकांना वाटतं. तसं नसतं. टाइप 1 मध्ये शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. ते बाहेरून रोज द्यावंच लागतं.

खरा घोळ होतो तो गावी बाटली किंवा सिरिंज संपल्यावर. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरिंजही वेगवेगळ्या. 40 वालीचं टोपण लाल, 100 वालीचं केशरी. समजा, डोस 10 युनिटचा आहे. 100 ची बाटली आणि हातात लाल टोपणाची सिरिंज असेल, तर 10 च्या रेघेपर्यंत भरलं तरी मुलाच्या अंगात 25 युनिट जातात. उलट झालं तर जेमतेम 4. पहिल्यात शुगर धोकादायक खाली येते, दुसऱ्यात चढत राहते. म्हणून मेडिकलमध्ये नुसतं ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हणू नये. रिकामी बाटली आणि जुनी सिरिंज दाखवावी. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं औषध ओढण्याचा उद्योगही नको, त्यात 100 ची ताकद असते.

उन्हात उभ्या गाडीत इन्सुलिन ठेवू नका, आणि बर्फाला चिकटवूनही नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. फ्रिज नसेल तर माठाचा गारवा चालतो, बाटली मात्र कोरडी राहू द्या.

सुट्टीत डोसही तोच राहत नाही. आमरसाची वाटी शुगर चढवते, दिवसभराची धावपळ उतरवते, कधी रात्री झोपेतसुद्धा. त्यामुळे निजण्यापूर्वी तपासणी हवी. किती कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांकडून निघण्याआधीच लिहून घ्यावं. घाम, थरथर, चिडचिड दिसली आणि शुगर 70 च्या खाली असली, तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

आणि ताप-उलट्या आल्या, पोर जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आजारपणात गरज अनेकदा वाढते. डोस किती, ते डॉक्टरांना फोन करून ठरवा, पण पूर्ण थांबवू नका. पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला फळासारखा वास अशी लक्षणं दिसली तर थेट हॉस्पिटल गाठा. ॲम्ब्युलन्सचा 108 नंबर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे चालतो.