मोठा इंग्रजी शब्द दिसला? दोन प्रकारे तोडा!

मी शिरूरचा. आपल्या शिरूर-दौंड भागात बऱ्याच जणांचं शिक्षण मराठीत झालंय, पण बँकेचे मेसेज येतात इंग्रजीत. त्यातला लांबलचक शब्द आपण न वाचताच सोडतो. आज तो फोडायला शिकू.

१) उच्चारासाठी तोडा
एका झटक्यात तोंडातून निघणारा तुकडा म्हणजे सिलेबल. 'डीॲक्टिव्हेशन'चे ५ होतात: डी-ॲक-टि-व्हे-शन. मराठीत आपण सगळे तुकडे साधारण सारख्याच जोराने बोलतो, इंग्रजीत एकावर जास्त जोर पडतो. शेवटी 'शन' असेल तर जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. इथे 'व्हे'वर, दौंडच्या 'जंक्शन'मध्ये 'जंक'वर.

२) अर्थासाठी तोडा
'बेजबाबदारपणा' म्हणजे बे + जबाबदार + पणा. तसंच डी + ॲक्टिव्हेट + शन. 'डी' म्हणजे उलट, 'ॲक्टिव्हेट' म्हणजे चालू करणं, 'शन' लागलं की त्या क्रियेचं नाव. थोडक्यात, चालू असलेलं बंद करणं. बघा, तुकडे आता वेगळ्या जागी पडले!

पण 'डिलीट'चा 'डि' असा काढू नका. मागे 'लीट' उरतं, त्याला अर्थच नाही.

आता मेसेजमधलं 'अनऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन' बघा. 'अन' म्हणजे नाही, 'ऑथराइज्ड' म्हणजे परवानगी दिलेला. म्हणजेच तुमच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार! हे कळलं तर तुम्ही लगेच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन कराल. इथे उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं.