चांदरचा ब्रागांझा वाडा

बेळगावच्या खासबागेत मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाच्या मनात नाताळ म्हटले की कॅम्पातील चर्चांची रोषणाई आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री जाळला जाणारा 'ओल्ड मॅन' एवढेच चित्र उभे राहते. परंतु ज्यांना नव्या वर्षात फटाक्यांच्या गदारोळातून न शिरता सावकाश, एखाद्या वडीलधाऱ्या घराच्या दिवाणखान्यातून प्रवेश करावासा वाटतो, त्यांनी नाताळ आणि सहा जानेवारी यांच्या दरम्यान घाट उतरून गोव्याच्या सासष्टीतील चांदर गावी जावे.

ही वाट आपल्याला परकी नाही. 1888 साली सुरू झालेला मुरगावचा लोहमार्ग लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे असा उतरत चांदरवरून मडगावला जातो. कॅसलरॉकला त्या काळी इंग्रजी मुलूख संपे आणि सरहद्दीवर जकातीची झडती होई. त्याही पूर्वी चांदर हे चंद्रपूर होते, गोव्याच्या कदंबांची आरंभीची राजधानी. आणि त्याच कदंबांचे दुसरे राज्यपीठ आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी येथे होते. तेव्हा बेळगावकर चांदरला जातो तो एका अर्थी जुन्या राजवटीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो.

गावाच्या चौकालगत ब्रागांझांचा दुमजली वाडा पसरला आहे. वरच्या मजल्यावर चोवीस खिडक्यांची रांग, मंगळुरी कौलांचे छप्पर, आणि मधोमध एकच प्रवेशद्वार. त्या दारातून जिना चढून गेल्यावर घराचे दोन भाग होतात: पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेला ब्रागांझा परेरा. एका घराण्याच्या दोन शाखांनी मिळकत वाटून घेतली, पण दर्शनी बाजू एकच राखली. नृत्याच्या दालनातील संगमरवरी फरशी, बिलोरी झुंबरे, चिनी मातीची भांडी, नक्षीदार शिसवी खुर्च्या हे वैभव डोळे दिपवणारे आहे खरे, आणि पूर्वेकडील देवघरात सेंट फ्रान्सिस झेवियरचे नख श्रद्धेने जपलेले आहे; तथापि माझे मन रमले ते पश्चिमेच्या ग्रंथालयात.

हे ग्रंथालय लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) यांनी जोपासले. पोर्तुगीज अंमलाच्या कृपाछत्राखाली ज्या घराने ऐश्वर्य आणि राजघराण्याचे आडनाव मिळविले, त्याच घरात या पुरुषाने त्या अंमलाला लेखणीने आव्हान दिले. 1900 साली 'ओ एराल्दो' हे गोव्यातील पहिले दैनिक काढण्यात त्यांचा वाटा होता. पुढे 'ओ देबाते' आणि 'प्रकाश' ही पत्रे त्यांनी चालविली. आणि 1930 साली सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध विधिमंडळात ठराव मांडून गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा उच्चार केला. गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणून गौरविलेले त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा यांचा जन्मही याच चांदरचा. पणजीतील 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा' आज लुईस यांचे नाव वागविते. झुंबरे विकत आणता येतात; असे ग्रंथांचे कपाट विकत आणता येत नाही.

नाताळात हे सारे पाहण्यात विशेष गोडी आहे, कारण तेव्हा गावही घरासारखेच उघडे असते. दारोदार गोठे सजलेले, आकाशकंदिलाच्या तारका टांगलेल्या, आणि शेजारघरी पाठवायच्या ताटांत नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बिबिंक. आपल्याकडे दिवाळीत फराळाची ताटे अशीच शेजारी जात. ती चाल गोव्यात अद्याप टिकून आहे. वर्ष बदलते तरी उत्सव संपत नाही. सहा जानेवारीला तीन राजांचे फेस्त येते, राजवेष केलेले तीन मुलगे मिरवणुकीने चर्चला जातात, आणि ते चर्चही बेथलेहेमच्या मातेच्या नावाचे. नव्या वर्षाला असे बारा दिवसांचे उंबरठे असावेत, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

हा वाडा सरकारी संग्रहालय नाही. तेथे माणसे राहतात, आणि पाहुण्यांनी दिलेल्या पैशाचा मरामतीला हातभार लागतो. आपल्या बेळगाव-निपाणी मुलखात चिरेबंदी वाडे कमी नव्हते. वाटणी झाली की मध्ये भिंत, भिंतीनंतर दिवाणी दावा, आणि दाव्यानंतर बिल्डरशी करार, या क्रमाने त्यांतील कितीतरी गेले. चांदरलाही वाटणी झालीच. पण तेथील वारसांनी छप्पर वाटले नाही.

म्हणून चांदरला जाल तेव्हा घरच्यांची परवानगी विचारून आत पाऊल ठेवा, छायाचित्रांची घाई करू नका, आणि देणगीच्या पेटीत सढळ हाताने टाका. आणि ज्यांच्या वाट्याला अजून एखाद्या जुन्या वाड्याचा सोपा किंवा माडी असेल, त्यांनी वकिलाकडे जाण्याआधी एकदा सगळ्या भावंडांना घेऊन हे घर पाहून यावे.