खेळणाऱ्याची साथसंगत

व्हिडिओ गेमचा ध्वनी आणि संगीत शिकू पाहणाऱ्याची पहिली अडचण सुरांची नसते, वेळेची असते. चित्रपटाचा संगीतकार संकलित दृश्य समोर ठेवून काम करतो. नायक दार कितव्या सेकंदाला उघडणार हे त्याला ठाऊक असते. गेममध्ये ते खेळणारा ठरवतो. तो दहा सेकंदांत आत शिरेल, अर्धा तास अंगणात रेंगाळेल किंवा दाराकडे फिरकणारही नाही. म्हणून या कामाचे नाते मैफलीपेक्षा साथीशी जवळचे आहे. नाचणारीच्या पावलांवर नजर ठेवून ढोलकीवाला जे हाताने करतो, ते इथे यंत्राला आधीच शिकवून ठेवावे लागते.

१९७२ च्या ‘पाँग’मधली टकटक कोणी ध्वनिमुद्रित केली नव्हती, चित्र पडद्यावर स्थिर ठेवणाऱ्या सर्किटमध्ये जे कंप आयते उपलब्ध होते, त्यांतून गेमचे अभियंते अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी ती उचलली. साथ म्हणावी असे काही ऐकू आले ते १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये. खर्जातले चार उतरते सूर फिरून फिरून वाजतात आणि शत्रू कमी होत जातील तशी लय चढते. शत्रूंचा वेग वाढण्याचे मूळ कारण गमतीचे आहे: चित्रे कमी उरली की यंत्राला ती भराभर हलवता येत. पण खेळणाऱ्याची धडधड वाढवतात ते सूरच. चार सुरांत एवढे काम पुढे फार थोड्यांना साधले.

१९८३ च्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रात पाच ध्वनिमार्ग होते: दोन पल्स तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांचा. कोजी कोंडो यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे (१९८५) संगीत एवढ्यातच बसवले. मारिओने उडी मारली की तिचा आवाज धुनीचा एक मार्ग क्षणभर बळकावतो, तरी चाल मोडत नाही. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या सिड या ध्वनिचिपमध्ये तर तीनच आवाज होते. तिथे रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे यांच्यासारखे संगीतकार कॉर्डचे सूर एकाच मार्गावर झरझर एकामागून एक वाजवून ते एकत्र असल्याचा भास निर्माण करत. आजच्या नवशिक्यानेही तीन मार्गांत एखादी धून बांधून पाहावी. वाद्यांच्या गर्दीत खपून जाणारी कच्ची चाल तिथे लगेच उघडी पडते.

१९९१ च्या ‘मंकी आयलंड २’साठी लुकासआर्ट्समधील मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूज’ ही प्रणाली वापरात आणली. पात्र एका जागेतून दुसऱ्या जागेत गेले की चालू धून तोडून नवी सुरू करण्याऐवजी ती योग्य जागी वळण घेई. आपल्याकडच्या भाषेत, सम आल्याशिवाय ठेका बदलायचा नाही. या विचाराच्या आज दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत धुनीचे तुकडे प्रसंगानुसार पुढेमागे जोडले जातात. दुसरीत एकाच वेळी चालणारे अनेक थर असतात: शांतपणे फिरताना केवळ आधारस्वर, शत्रू दिसला की ताल, झुंज पेटली की सगळी वाद्ये. ‘रेड डेड रिडेम्प्शन’साठी (२०१०) बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी संगीत ए मायनरमध्ये, मिनिटाला १३० ठोक्यांच्या लयीत बांधले. स्वर आणि लय एकच असल्यामुळे कोणताही थर कुठल्याही थरावर बसू शकतो. किंमत अर्थात एकसुरीपणाची असते. ती वाद्यांच्या निवडीने भरून काढावी लागते.

संगीताला मान मिळतो, पण शिकणाऱ्याचे दिवस जातात ते पावलांच्या आवाजात. माती, लाकूड, दगड, पाणी आणि गवत असे पाच पृष्ठभाग, त्यांवर चालणे व धावणे, आणि प्रत्येकाचे सहा नमुने धरले तरी साठ तुकडे होतात. एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजला तर कान दहाव्या पावलाला कंटाळतो. म्हणून नमुने आलटून पालटून येतात आणि प्रत्येक वेळी त्यांची पट्टी व मोठेपणा किंचित बदलतो. हे आवाज खऱ्या वस्तूंचेच असतात असे मुळीच नाही. बर्फावरची पावले कॉर्नफ्लोअरच्या पिशवीतून येतात आणि मोडणारे हाड बहुधा एखाद्या भाजीचे देठ असते. ही युक्ती चित्रपटाच्या फोली कलेतून आली. पुढची करामत मात्र गेमची: अंतर वाढले की आवाज विरला पाहिजे, भिंत आड आली की त्याची धार गेली पाहिजे, गुहेत तो घुमला पाहिजे.

हे सगळे गेमशी जोडण्यासाठी एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअर वापरतात. दोन्ही शिकण्यासाठी विनामूल्य मिळतात. ध्वनिकार तिथे ‘घटना’ रचतो आणि तिला आरोग्य, वेग, दिवसाची वेळ असे बदलते आकडे जोडतो. प्रोग्रामरने गेममध्ये त्या घटनेला केवळ हाक द्यायची. युनिटी किंवा अनरीअल या गेम बांधण्याच्या सॉफ्टवेअरची तोंडओळख नसेल, तर उत्तम धून बांधणाराही इथे पांगळा ठरतो. सराव एकट्याने फार पुढे जात नाही. २००९ पासून भरणाऱ्या ग्लोबल गेम जॅमसारख्या उपक्रमांत दोन-तीन दिवसांत अनोळखी लोकांबरोबर गेम उभा करावा लागतो, आणि ऐन वेळी प्रसंग बदलला की आवाजही बदलावा लागतो, हे तिथेच अंगवळणी पडते. काम मिळवतानाही गाण्यांच्या संग्रहापेक्षा एखाद्या चालत्या गेममधले आपले ध्वनी दाखवणे अधिक उपयोगी पडते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ काढला. भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या या गेमला संगीत मात्र लिनोस झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे. परदेशी संगीतकाराला आपल्या कथेशी जुळवून घेता येते, तर साथीची तालीम झालेल्या मराठी वादकाला हा धंदा परका वाटण्याचे कारण नाही. अनोळखी आहे ती फक्त यंत्राची बाजू.

शेवटचे काम मिश्रणाचे. पात्र बोलू लागले की संगीताने मागे सरायचे, आणि शंभर आवाज एकदम आले तर कोणते गाळायचे याचा क्रम आधी ठरवायचा. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर खूश होऊन थांबता येत नाही. बरेच जण आवाज बंद करूनच खेळतात. त्यांच्यासाठी ऐकू येणाऱ्या प्रत्येक इशाऱ्याला दिसणारी जोड लागते. उलट बाजूही आहे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये (२०२०) कुठे वाकायचे, कुठे उडी मारायची, कुठली वस्तू उचलायची यांसाठी वेगवेगळे ध्वनिसंकेत दिले आहेत, आणि ते ऐकत अंध खेळाडूंनी तो गेम शेवटपर्यंत खेळला आहे.