माझ्या नावाचं कर्ज, घेतलं कोणी?

‘मॅडम, स्कूटरचं नंतर बघू. आधीचे हप्ते थकलेत की तुमचे!’ शोरूममधला फायनान्सवाला मुलगा म्हणाला आणि मी उडालेच. हप्ते? अहो, मी आयुष्यात साधा मिक्सरसुद्धा हप्त्यांवर घेतलेला नाही! पण त्याच्या स्क्रीनवर नाव माझं, पॅन नंबर माझा आणि मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेली कर्जं दोन. एक १८ हजारांचं, दुसरं २२ हजारांचं. पत्ता मात्र अशा शहरातला, जिथे मी कधी पाऊलही टाकलेलं नाही.

घरी सांगितलं तर बाबा हळूच म्हणाले, ‘काही लपवत नाहीस ना आमच्यापासून?’ स्कूटर हुकल्यापेक्षा हा प्रश्न जास्त लागला.

पाकीट मारलं की निदान लगेच कळतं तरी. ओळख चोरीला जाते तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. पॅन कपाटात, आधार पर्समध्ये, आणि आपण निवांत! त्या रात्री यादी करायला बसले, दोन वर्षांत झेरॉक्स दिल्या कुणाकुणाला? फ्लॅटचा एजंट, पीजीवाल्या काकू, सिमकार्डचं दुकान, लोणावळ्याचं हॉटेल... अकरा ठिकाणं निघाली. त्यातली नेमकी कुठली फुटली, ते आजही माहीत नाही.

मग लागले कामाला. आधी दोन्ही कर्ज कंपन्यांना लेखी तक्रार. मग क्रेडिट रिपोर्टवर आक्षेप. ही तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेने २०२३मध्ये तसा नियमच केलाय. तिसरी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर. शेवटी पोलीस स्टेशन. तिथे पहिला प्रश्न आला, ‘पैसे गेलेत का तुमचे? नाही ना? मग?’ मी आयटी कायद्याचं कलम ६६ सी पुढे केलं. दुसऱ्याची ओळख वापरणं हाच गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद अन् एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार घेतली गेली. तिची पोच हातात आल्यावरच कंपन्यांचा सूर बदलला आणि २४व्या दिवशी दोन्ही कर्जं माझ्या नावावरून उतरली.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून एवढं कराच :

* सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. दर तीन महिन्यांनी एकीचा मागवा, वर्षभर पहारा राहील.
* चालत असेल तिथे ‘मास्क्ड’ आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बोटांचे ठसे ऑनलाइन लॉक करता येतात, तेही करून टाका.
* आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, ते ‘संचार साथी’वर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा.
* ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही.
* खात्यातून पैसेच गेले असतील तर वेळ न घालवता १९३०ला फोन लावा.

आणि हो, लाजू नका. मी दोन दिवस कुणाला काही बोलले नव्हते, जणू चूक माझीच!

स्कूटर आली. पहिली चक्कर बाबांनीच मारली. परवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी पेन काढून पॅनच्या कॉपीवर आडवं लिहीत होते, ‘फक्त भाडेकरारासाठी’, खाली तारीख आणि सही. दुकानदार काका हसले, ‘काय ताई, ऑटोग्राफ देताय?’

‘हो काका,’ म्हटलं, ‘माझ्या नावाने दुसऱ्या कुणी देण्याआधी!’