बेहड्याखालचं गणित

नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात हिवाळ्यात बेहड्याची फळं गळतात. गोंदियातले लोक ती वेचून वाळवतात आणि त्रिफळा चूर्णासाठी विकतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तातला जुगारी ज्या फाशांपायी घरदार घालवतो, ते फासे म्हणजे याच झाडाची फळं.

बेहड्याला ठिपके कोरायला सपाट बाजू नसतात. मग दान ठरायचं कसं? अभ्यासकांच्या मते, मोजून. राशीतून मूठभर फळं उचलायची आणि चार-चार बाजूला काढायची. काहीच उरलं नाही तर कृत, म्हणजे सर्वांत मोठं दान. तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, एक उरलं तर कली. सारा खेळ चाराने भागून उरणाऱ्या बाकीचा!

या गणिताची सर्वांत सुंदर गोष्ट महाभारतात, विदर्भाच्या वाटेवर घडते. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराला निघालेला राजा ऋतुपर्ण वाटेत बेहड्याचं झाड पाहतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळं आहेत, असं न मोजता सांगतो. सारथी झालेला नळ रथ थांबवून फळं मोजतो, तर आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या शिकवतो. फाशांचं ज्ञान आणि अंदाज बांधण्याचं शास्त्र महाभारताने एकत्र ठेवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. युरोपात संभाव्यतेचं गणित सतराव्या शतकात उभं राहिलं, तेही जुगाराच्याच प्रश्नातून.

सहा बाजूंचे फासे तर हडप्पा संस्कृतीतही होते. त्यांतल्या अनेकांवर एकासमोर दोन, तीनासमोर चार, पाचासमोर सहा ठिपके आहेत. आजच्या फाशावर समोरासमोरची बेरीज सात येते. इराकमधल्या ऊर इथला खेळाचा पट सुमारे साडेचार हजार वर्षांचा. आपल्याकडची पचिशी इंग्लंडमध्ये सोपी केली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लुडो’ नावाने तिचं पेटंट घेतलं गेलं.

अष्टाचंगपे हा पटावरचा खेळ मात्र अजून अनेक घरांत खेळतात, तोही फोडलेल्या चिंचोक्यांवर. चारही चिंचोके एकाच अंगावर पडले की अष्टा किंवा चंग. चार चिंचोक्यांची दोन्ही अंगं सारख्याच वेळा पडत असती, तर सोळा फेकींत सरासरी एकदाच अष्टा आणि एकदाच चंग पडला असता. पण एक अंग पांढरं सपाट, दुसरं तपकिरी फुगीर; त्यामुळे प्रत्यक्षातलं प्रमाण वेगळं निघू शकतं. गोंदियातल्या शिक्षकांनी वर्गात पट आखावा, मुलांकडून दोनशे फेकी टाकून घ्याव्यात, प्रत्येक दान वहीत मांडायला लावावं. आणि आजीकडून घरचे नियमही लिहून आणायला सांगावेत.